कढीपत्ता कोण कुरतडतंय?

बागेत फुलपाखरं, पक्षी, बेडूक यावेत म्हणून काय लावावं आणि काय करू नये, याबद्दल नाशिक आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रं आली. सारख्या आशयाची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : टेरेसवर कढीपत्त्याच्या दोन कुंड्या आहेत. पावसाळ्यापासून पानांवर चिमणीच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ठिपके दिसायचे. नीट पाहिलं तर त्या अळ्या निघाल्या. निम्मं झाड फस्त झालं. निंबोळी अर्क मारू का? (इंदिरानगर)

मारू नका. तुमच्या कढीपत्त्यावर फुलपाखरं वाढत आहेत. ‘लाइम’ आणि ‘कॉमन मॉर्मन’ ही दोन फुलपाखरं लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात. कढीपत्ता, लिंबू, बेल, कामिनी ही सगळी त्याच कुळातली. मादी कोवळ्या पानावर एकेक फिकट पिवळं अंडं चिकटवते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते ती पक्ष्यांना फसवण्यासाठी. शेवटची कात टाकली की ती हिरवीगार होते. तिला हलकेच बोट लावलंत तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा तांबूस अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. त्याने अपाय होत नाही. उबदार दिवसांत अळीचे साधारण दोन आठवडे आणि कोशाचा आठवडा-दीड आठवडा जातो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत कोश जास्त दिवस तसाच राहतो, म्हणून मेला समजून काढून टाकू नका.

निंबोळी अर्क ‘सेंद्रिय’ असल्याने निरुपद्रवी, अशी समजूत बरीच पसरली आहे. मावा आणि पिठ्या ढेकणाबरोबर तो फुलपाखराच्या अळीलाही लागतो. तिचं खाणं थांबतं, कात टाकणं बिघडतं आणि ती मरते. ज्या झाडावर फुलपाखरू अंडी घालतं त्या झाडावर अर्क, साबणपाणी, हळद-हिंग काहीच फवारायचं नाही.

मग स्वयंपाकाला पानं कुठून? दोन कुंड्या आहेत, तेव्हा एक घराची आणि एक फुलपाखरांची अशी वाटणी करा. घरच्या कुंडीभोवती चार काठ्या रोवून मच्छरदाणीचं कापड सैल बांधा. कापड पानांना टेकू देऊ नका, नाहीतर मादी कापडावरूनच अंडी घालते. घरच्या झाडावर अळी सापडली तर ती पानासकट खुडून दुसऱ्या झाडावर ठेवा. ती आपली आपण चढते. फस्त झालेला कढीपत्ता मरत नाही. शेंडे खुडून दोन मुठी शेणखत दिलंत की तो आणखी फांद्या फोडतो.

एक खूण मात्र वेगळी ओळखा. कोवळे शेंडे वळलेले असतील आणि त्यांवर पांढरे मेणचट धागे दिसत असतील तर ती अळी नसून सिला कीड आहे. तसे शेंडे कापून पिशवीत बांधून फेकून द्या.

अळ्या काळ्या पडून लोंबकळताना दिसल्या तर एखादा रोग तरी असतो किंवा औषध तरी. नर्सरीतून आणलेल्या रोपांत पुष्कळदा आंतरप्रवाही कीटकनाशक मुरलेलं असतं. रोप वरून धुतलं तरी ते जात नाही, कारण ते पानाच्या रसात असतं. नवं रोप आणलं की शेंडे छाटा आणि नवी पालवी दोनदा येऊन जाईपर्यंत त्यावर अळ्या हलवू नका.

आणि एक लक्षात घ्या. दहा अळ्यांपैकी बऱ्याचशा बुलबुल, दयाळ, शिंपी आणि गांधीलमाश्या नेतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. चिमणीसारखे दाणे टिपणारे पक्षीसुद्धा पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच भरवतात. कुरतडलेली पानं नसतील तर पिल्लंही नसतील.

प्रश्न : मखमलाबाद रस्त्याला बंगला बांधला. मागे ३० बाय २० फुटांची मोकळी जागा आहे, माती काळी. आर्किटेक्टने लॉन आणि पाम सुचवले. आम्हाला पक्षी-फुलपाखरं हवीत. सुरुवात कुठून करावी? (मखमलाबाद)

लॉन आणि पाम दोन्ही बाजूला ठेवा. लॉनला नाशिकच्या उन्हाळ्यात जवळजवळ रोज पाणी लागतं, दर पंधरवड्याला कापावं लागतं आणि त्यात कोणाला खायला काही मिळत नाही. शोभेच्या पामचंही तेच.

आधी मातीचं बोलू, कारण निम्मी झाडं तिथेच मरतात. काळी माती पावसात फुगते, पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तडकते. बहुतेक जण दोन फुटी खड्डा घेतात, त्यात भुसभुशीत पोयटा आणि खत भरतात आणि रोप लावतात. भोवतालच्या चिकण मातीतून पाणी निचरत नाही. तो खड्डा हौद होतो आणि ऑगस्टमध्ये रोपाची मुळं कुजतात. वरून पानं पिवळी पडलेली दिसली की माणसं आणखी पाणी घालतात. त्याऐवजी एप्रिल-मे महिन्यात २ बाय २ बाय २ फुटांचा खड्डा घेऊन उन्हात तापू द्या. निघालेल्याच मातीत चौथा हिस्सा मुरूम आणि १०-१२ किलो चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून तो भरा आणि जमिनीच्या वर ६ ते ९ इंचांचा उंचवटा करा. रोप त्या उंचवट्यावर लावा. जूनच्या अखेरीस दोन-तीन चांगले पाऊस झाले की लावणी करायची. पहिल्या सरीला घाई नको, कारण मध्ये ओढ बसली तर रोप सुकतं.

आता आखणी. एवढ्या जागेत मोठं झाड एकच बसतं. घराच्या भिंतीपासून किमान १२ फूट आणि कंपाउंडपासून ६ फूट सोडून पश्चिमेच्या कोपऱ्यात बहावा लावा. दुपारचं ऊन तोच अडवेल. एप्रिल-मे महिन्यात, बाकी सगळं करपलेलं असताना, त्याला पिवळे घोस येतात आणि मोठे काळे भुंगे त्यावर दिवसभर असतात. ‘एमिग्रंट’ जातीच्या पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या बहाव्याची पानं खातात. पण बहाव्याला मोठं व्हायला वर्षं लागतात. तोवर दुसऱ्या कोपऱ्यात शेवगा लावा. वर्षभरात तो डोक्यावर जातो आणि फुलला की शिंजीर पक्षी आणि मधमाश्या दोन्ही येतात. वड, पिंपळ, उंबर पक्ष्यांना अतिशय प्रिय, पण घराच्या आवारात नको. मुळं पाया उचकटतात. ती झाडं सोसायटीच्या मोकळ्या भूखंडावर किंवा गावच्या गायरानात लावावीत.

कंपाउंडच्या कडेने झुडपांची दाट पट्टी करा, किमान चार फूट रुंद. एका ओळीत कातरलेलं कुंपण नको, दोन आडव्या-तिडव्या ओळी हव्यात. मागच्या ओळीत अडुळसा आणि मेंदी अडीच फुटांवर, पुढच्या ओळीत पिवळी कोरांटी दीड फुटावर. कोरांटीचे काटे मांजराला आत शिरू देत नाहीत, त्यामुळे बुलबुल आणि वटवट्या तिथे निर्धास्त घरटं करतात. ‘पॅन्सी’ फुलपाखरांच्या अळ्याही कोरांटीवर वाढतात. अडुळसा थंडीत फुलतो, शेळी त्याला तोंड लावत नाही आणि पाणी फारसं मागत नाही. कोपऱ्यात मुरमाचा दोन फूट उंच ढीग करून त्यावर धायटी आणि मुरुडशेंग लावा. ही आपल्या त्र्यंबक-इगतपुरीकडच्या डोंगरउतारावरची झुडपं आहेत. काळ्या मातीत ती रडतात, मुरमात खुलतात. धायटीची लाल फुलं उन्हाळ्याच्या तोंडाला येतात तेव्हा शिंजिरांची नुसती झुंबड असते. साखरपाण्याचे फीडर टांगण्यापेक्षा हे झुडूप कितीतरी बरं. साखरपाणी उन्हात आंबतं आणि त्यात मुंग्या होतात.

त्यापुढे मधल्या भागात कामिनी, लिंबू आणि कढीपत्ता. जमिनीलगत पानफुटी, तुळस, तेरडा, खुळखुळा, कोंबडा. पानफुटीवर ‘रेड पिएरो’ची अळी पानाच्या आत बोगदा करून राहते, त्यामुळे पान फुगलेलं आणि पोकळ दिसतं. ती रोगट पानं समजून खुडू नका. खुळखुळ्यावर ‘ब्लू टायगर’चे नर येतात. फुलातल्या मधासाठी नाही, तर खोड आणि सुकलेल्या भागांतली काही रसायनं शोषण्यासाठी, ज्यांपासून ते मादीला आकर्षित करणारा गंध बनवतात. म्हणून सुकलेला खुळखुळा लगेच उपटू नये. कोंबड्याचं आणि गवताचं बी मुनिया खातात. कुंपणावर कृष्णकमळ चढवलंत तर ‘टॉनी कोस्टर’ येईल आणि वेलीची पानं साफ करेल. रुई कुठे आपोआप उगवली तर एक झाड राहू द्या, ‘प्लेन टायगर’ तिच्यावर अंडी घालतं. फक्त चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. मुलं लहान असतील तर कण्हेर टाळा, तिचे सगळेच भाग विषारी असतात.

घाणेरीवर फुलपाखरं येतात हे खरं, पण ती लावू नका. पक्षी तिच्या बिया जंगलात नेतात आणि तिथे ती देशी झुडपांना जागाच ठेवत नाही.

मधोमध १० बाय ८ फुटांचा गवताचा तुकडा ठेवा, हरळी-दुर्वांचा. त्यातला एक तृतीयांश भाग दिवाळीपर्यंत कापू नका. गवताला बी धरू द्या. पालापाचोळा जाळू नका, देऊही नका. तीन-चार इंच जाडीचा थर झाडांखाली पसरा, पण बुंध्याभोवती तीन इंच जागा मोकळी सोडा. नाहीतर ओलाव्याने साल कुजते आणि वाळवी चढते. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक मोठ्या रोपाला आठवड्यातून दोनदा १० लिटर पाणी पुरतं. रोज तांब्याभर दिलंत तर मुळं वरच्या वरच राहतात आणि मे महिन्यात झाड मान टाकतं.

पहिलं वर्ष बाग ओकीबोकी वाटेल. तिसऱ्या पावसाळ्यात ती भरते. तोवर मोकळ्या जागी पेव्हर ब्लॉक बसवायचा मोह आवरा. निळ्या पट्ट्यांची मधमाशी आणि तिच्यासारख्या एकट्या राहणाऱ्या माश्यांना मातीच हवी असते.

प्रश्न : चौथ्या मजल्यावर बाल्कनी आहे. चिमण्यांसाठी दाणे ठेवतो, पण पारवेच येतात. चिमणीचं घरटं गेल्या वर्षी २० मार्चला लावलं, अजून रिकामं आहे. (सिडको)

दोन्हींचं कारण तुमच्या पत्रातच आहे.

उघड्या ताटलीत दाणे ठेवले की पारवे येणारच. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना अपाय करते, विशेषतः दम्याच्या माणसांना. दाणे पूर्ण बंद करा आणि आठ-दहा दिवस धीर धरा. नंतर द्यायचेच असतील तर दीड इंची चौकोनी जाळीचा पिंजरा करून ताटली त्याच्या मधोमध, कडेपासून सहा इंच आत ठेवा. चिमणी आत जाते, पारव्याची मान पोचत नाही. रोज मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी, संध्याकाळी उरलेलं उचलायचं. ब्रेड, फरसाण, मीठ घातलेला भात नको. एसीच्या बाहेरच्या यंत्रावर पारवे बसत असतील तर वर ४५ अंशांच्या उताराची फळी लावा. जाळी लावायचीच असेल तर ताठ ताणून लावा. ढिल्या जाळीत पक्ष्यांचे पाय आणि पंख अडकतात.

आता घरट्याचं. २० मार्चचा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून साजरा होतो आणि त्यामागचे मोहम्मद दिलावर आपल्या नाशिकचेच. त्या दिवशी घरटी वाटली जातात आणि लोक त्याच दिवशी ती लावतात. तोपर्यंत पुष्कळ जोड्यांनी जागा ठरवलेली असते. घरटं जानेवारीत लावा. नव्या घरट्याची सवय व्हायला वर्षही लागतं.

मापं तपासा. आतला तळ १५ बाय १५ सेंटीमीटर, उंची २२ सेंटीमीटर, भोकाचा व्यास ३२ मिलिमीटर. भोक तळापासून १३ ते १५ सेंटीमीटर वर हवं. बाजारातल्या कित्येक घरट्यांचं भोक दोन इंचांचं असतं, त्यातून साळुंकी आत शिरते. भोकाखाली बसायची दांडी नको, चिमणीला ती लागत नाही आणि कावळ्याची मात्र सोय होते. प्लायवूड १८ मिलिमीटर जाडीचं, आतून रंग नाही. तळाला पाच मिलिमीटरची चार भोकं पाणी निचरायला. छप्पर पुढे पाच सेंटीमीटर. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि दुपारचं ऊन पश्चिमेचं, म्हणून तोंड पूर्वेकडे किंवा ईशान्येकडे. टीन किंवा प्लॅस्टिकचं घरटं एप्रिलच्या उन्हात भट्टी होतं, पिल्लं आतच मरतात.

चिमण्यांना शेजार आवडतो. दोन-तीन फुटांच्या अंतराने तीन घरटी लावा. हंगाम संपला की, ऑक्टोबरात, जुनं गवत काढून कडक पाण्याने धुऊन घ्या. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांत कौलांखाली आणि भिंतींच्या फटींत आपसूक जागा होती. नव्या गुळगुळीत इमारतींत ती आपल्यालाच द्यावी लागते. अळ्यांसाठी बाल्कनीत एक-दोन कुंड्या कढीपत्ता, घोळ आणि तुळशीच्या असू द्या. १४ इंची भरलेली ओली कुंडी २५-३० किलोंपर्यंत जाते. त्या भिंतीलगत ठेवा, कठड्याच्या टोकाशी नाही.

प्रश्न : बागेत पाण्याचं छोटं कुंड करायचं आहे. घरचे म्हणतात डेंग्यू होईल. गप्पी मासे सोडले तर चालेल? (नाशिकरोड)

घरच्यांची काळजी रास्त आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. डासाला अंड्यापासून उडायला आपल्या हवेत आठवडा ते दहा दिवस लागतात. त्यामुळे पक्ष्यांसाठी ठेवलेल्या उथळ भांड्याचा प्रश्न सोपा आहे : पाणी रोज बदलायचं आणि दोन दिवसांआड काथ्याने घासायचं. घासणं महत्त्वाचं, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतल्याने जात नाहीत. भांडं मातीचं, खरबरीत, खोली एक ते दोन इंच. चकचकीत स्टीलच्या खोलगट वाडग्यात पक्षी उतरत नाहीत. मांजर दबा धरू शकेल अशा झुडपापासून ते सहा-सात फूट दूर ठेवा, पण उडून जाऊन बसायला वर फांदी असू द्या.

कुंडाचं गणित वेगळं. त्यात पाणी कायम राहतं, म्हणून डासांच्या अळ्या खाणारेही त्यात कायम राहायला हवेत. सिमेंटची टाकी किंवा जाड प्लॅस्टिकचा टब घ्या, किमान ३ बाय ३ फूट, एका बाजूला दीड ते दोन फूट खोल. दुसऱ्या बाजूला दगड रचून पाण्याबाहेर येणारा उतार करा. हा उतार विसरलात तर बेडूक, सापसुरळी, खारीचं पिल्लू पडतं आणि भिंत गुळगुळीत असल्याने बुडून मरतं. जागा अशी की सकाळचं चार-पाच तास ऊन, दुपारी सावली. पहिलं पाणी पावसाचं असेल तर उत्तम. नळाचं असेल तर चोवीस तास उघड्यावर ठेवून मग घाला.

कुमुदिनी एक-दोन कुंड्यांत लावून तळाशी ठेवा. पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकला की शेवाळ आटोक्यात राहतं. काठाशी कुंडीत वेखंड लावा. चतुराची अळी पाण्यात वाढते, डासांच्या अळ्या खाते आणि पंख फुटायच्या वेळी अशाच उभ्या देठावर चढून येते. देठ नसेल तर चतुर येऊन अंडी घालतील, पण पुढची पिढी अडचणीत येईल. पाणवेलीचं मात्र एकही रोप आणू नका. गोदावरीत तिने काय केलं आहे ते आपण दर वर्षी पाहतो.

गप्पी नकोत. ते डासांच्या अळ्या खातात तसेच बेडकांची लहान पिल्लंही खातात आणि पुराच्या पाण्याबरोबर नाल्यात, तिथून नदीत जातात. पहिल्या वर्षी, चतुर रुळेपर्यंत, कुंडात डासांच्या अळ्या दिसल्या तर ‘बीटीआय’ या जिवाणूची गोळी पाकिटावरच्या प्रमाणाने टाका. ती डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या कुळांतल्या अळ्यांवर चालते, बेडूक आणि चतुर सुटतात. घरात लहान मूल असेल तर पाण्याच्या दोन इंच खाली वेल्डमेश जाळी आडवी बसवा. जाळीच्या कडेला वेखंड आणि उताराच्या बाजूला जागा मोकळी राहील अशी कापा.

बेडूक विकत किंवा पकडून आणायचे नाहीत. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात ते आपले येतात.

प्रश्न : गुलाबाच्या पानांना कोणीतरी कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल काप घेतंय. कीड दिसत नाही. (देवळाली कॅम्प)

पानकापी मधमाशी. ती पान खात नाही, तो तुकडा नेऊन बोगद्यात अंड्यासाठी कप्पा करते. झाडाला काही होत नाही. फवारणी नको. उलट तिला जागा द्या : बांबूचे पाच-सहा इंचांचे तुकडे, आतली पोकळी ४ ते १० मिलिमीटर, एक तोंड पेरापाशी बंद. वीस-पंचवीस तुकड्यांची मोळी पावसाचा शिंतोडा न लागणाऱ्या जागी, सकाळचं ऊन मिळेल अशी, घट्ट बांधा. वाऱ्याने हलली तर माश्या येत नाहीत. बांबूचं तोंड सॅंडपेपरने घासा, कुसळांनी पंख फाटतात. दोन वर्षांनी मोळी बदला, जुन्या बांबूत बुरशी आणि परजीवी साठतात.

प्रश्न : शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसलेत. अंगाला लागले की आग होते. तुम्ही म्हणता अळ्या मारू नका, मग यांचं काय करायचं? (आडगाव)

हे काढायलाच हवेत. हा शेवग्याचा केसाळ सुरवंट. त्याचा पतंग होतो, आणि लहान मुलं अंगणात खेळत असतील तर केसांचा त्रास मोठा होतो. रात्री ते पानं खायला वर जातात, दिवसा खोडावर एकत्र बसतात. हेच सोयीचं. लांब बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून सकाळी जुन्या झाडूने ते साबणपाण्याच्या बादलीत ओढून घ्या. पेटता टेंभा लावण्याची पद्धत आहे, पण तिने साल भाजते आणि शेवग्याचं खोड तिथेच सडतं. औषध फवाराल तर ते फुलांवर आलेल्या मधमाश्यांना लागेल. केस टोचले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उचला, मग साबणाने धुवा.

प्रश्न : बायको म्हणते, पाचोळा, लाकडं, पाणी ठेवलं की साप येणार. तिचं बरोबर आहे का? (पाथर्डी फाटा)

अर्धं बरोबर आहे. साप मुख्यतः उंदीर, बेडूक आणि पालींच्या मागे येतो. तुमच्या भागात भोवती मोकळे भूखंड असतील तर बाग असो नसो, साप येणारच. बाग अशी आखता येते की तो घराला लागून राहणार नाही.

लाकडांची रास आणि पाचोळ्याचा ढीग घरापासून शक्य तितका लांब, कंपाउंडच्या टोकाला. दाराजवळ, पायरीजवळ आणि खिडकीखाली सहा फुटांचा पट्टा झुडपाविना, स्वच्छ. त्यात फरशी किंवा खडी चालेल. धान्याची पोती, कोंबड्यांचं खाद्य आणि पारव्यांना टाकलेले दाणे उंदीर आणतात, त्यावर आधी बंदोबस्त. ड्रेनेजच्या पाइपला जाळी, दाराखालची फट बंद. रात्री बागेत बॅटरीशिवाय जायचं नाही, पाचोळ्यात उघडा हात घालायचा नाही.

आपल्याकडचे चार घातक विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. बागेत दिसणारे बरेचसे साप मात्र धामण, दिवड, तस्कर, कवड्या यांच्यापैकी असतात. कवड्या आणि मण्यार यांत फसगत नेहमी होते, म्हणून ओळख पटवण्याच्या भानगडीत न पडता लांब राहा. वन विभागाचा १९२६ हा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या. साप मारणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे.

दंश झालाच तर घट्ट आवळपट्टी नको, चिरा नको, मांत्रिक नको. अंगठी-बांगडी काढा, हात किंवा पाय फळीला बांधून हलू न देता थेट सरकारी रुग्णालयात, गरज पडली तर १०८ ची रुग्णवाहिका बोलावून. प्रतिविष तिथेच मिळेल.

प्रश्न : एक पक्षी रोज सकाळी गाडीच्या आरशावर चोची मारतो. आजारी आहे का? (कॉलेज रोड)

नाही. विणीच्या काळात नराला आरशात प्रतिस्पर्धी दिसतो. आरशावर जुना मोजा चढवा, आठवड्यात थांबेल. घराच्या मोठ्या काचांवर पक्षी आपटत असतील तर ते वेगळं : त्यांना काचेत झाडाचं प्रतिबिंब दिसतं. काचेच्या बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके किंवा उभ्या पट्ट्या लावा. एकच गरुडाचं स्टिकर लावून उपयोग होत नाही.

प्रश्न : गिरणारे रस्त्याला शेतघर आहे. भोवती ऊस आणि द्राक्षं. झाडी वाढवली तर बिबट्या येईल अशी भीती वाटते. (गिरणारे)

भीती खरी आहे आणि ती धरूनच आखणी करावी. बिबट्या मुख्यतः कुत्री, कोंबड्या आणि शेळ्यांसाठी येतो. तुमची फुलझाडं त्याला बोलावत नाहीत, पण दाट झुडूप त्याला लपायला चालतं. म्हणून घराभोवती तीस फूट छाटलेलं आणि मोकळं ठेवा, झुडपांची पट्टी त्यापलीकडे आणि तीही कमरेच्या उंचीपर्यंत. कुत्रं रात्री घरात. खुराड्याला वरूनही लोखंडी जाळी, नुसतं पत्र्याचं दार पुरत नाही. मांसमच्छीचा कचरा उघड्यावर नको. संध्याकाळी मुलांना वाकून खेळायला किंवा एकटं बाहेर सोडू नका. दिवे खालच्या दिशेला पडणारे, पिवळसर आणि हालचाल टिपून लागणारे घ्या. रात्रभर जळणारा पांढरा दिवा पतंग आणि किडे मारतो. बिबट्या दिसला तर गर्दी जमवू नका, १९२६ ला कळवा.

द्राक्षबागेला लागून घर आहे म्हणून आणखी एक. फवारणीच्या दिवशी वारा तुमच्याकडे असेल तर पक्ष्यांच्या पाण्याची भांडी उपडी घाला आणि दुसऱ्या दिवशी धुऊन भरा. द्राक्षाच्या बाजूला अडुळशाची उंच ओळ घेतलीत तर उडून येणारं औषध बरंच तिच्यावर अडतं. त्या ओळीत फुलपाखरांची झाडं नकोत. आणि पिठ्या ढेकणाच्या वसाहतीत त्याच्याहून मोठी, लांब पांढऱ्या मेणचट झालरीची चपळ अळी दिसली तर ती चिरडू नका. ती क्रिप्टोलेमस भुंगेऱ्याची अळी, पिठ्या ढेकणाचा फडशा पाडणारी. द्राक्षबागायतदार हा भुंगेरा मुद्दाम सोडतात.

प्रश्न : बागेतली छाटणी कधी करावी? (गंगापूर रोड)

ऑक्टोबर ते जानेवारी. मार्च ते ऑगस्ट कुंपण कातरू नका, बहुतेक घरटी त्याच काळात असतात. छाटण्याआधी प्रत्येक झुडपाकडे दहा मिनिटं लांबून पाहा. पक्षी चोचीत काही घेऊन आत जात असेल तर ते झुडूप तीन आठवडे तसंच राहू द्या. पिल्लू खाली पडलेलं दिसलं आणि त्याला पिसं फुटलेली असतील तर उचलू नका, आईबाप जवळच असतात. उघडं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते हे खरं नाही. चोचीत दूध-पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

पावसाळ्यानंतर गच्चीच्या आणि भिंतीच्या फटींत पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेली पिंपळ-उंबराची रोपं वीतभर असतानाच उपटून कुंडीत लावा. आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी शिडी घेऊन झाडांत अडकलेला मांजा काढा. नायलॉनचा मांजा विकायला बंदी असली तरी तो फांद्यांत राहतो आणि फेब्रुवारीत घरट्याचं सामान म्हणून पक्षी तो उचलतात.